पाऊण इंच गवत

त्या वर्षी आमच्या घरात गवताविषयी जेवढं बोललं गेलं, तेवढं एखाद्या गोठ्यातसुद्धा बोललं गेलं नसेल. सकाळच्या चहाला गवत, जेवताना गवत, आणि नाना आंघोळीला गेले की न्हाणीघरातूनही हाक यायची, "शैला, वाळायला लागलेलं गवत शेंड्याकडून पिवळं होतं की बुडाकडून? जरा बाहेर बघून ये गं." कर्वेनगरात तेव्हा आमच्या सोसायटीचं फाटक ओलांडलं की गवतच होतं, त्यामुळे बघून येणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते चौदा वर्षांच्या मुलीनं क्लासला निघालेल्या मैत्रिणींच्या देखत गवताशेजारी उकिडवं बसून त्याला फूटपट्टी लावणं. "काय गं, फ्रॉक शिवतेस का त्याला?" असं एकीनं विचारलंही होतं. मी पट्टी पुढच्या काडीला लावली.

नाना म्हणजे माझे वडील. पुण्याबाहेरच्या एका लहान स्टेशनावर ते सहायक स्टेशन मास्तर होते. स्टेशनाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून गाड्या थांबतात, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांची घरंही तिथेच आहेत. गणपती बोळवून आठ दिवस झाले असतील. रुळांची देखभाल करणारी टोळी काम आटोपून पुलाकडे निघून गेली होती. मारुती नावाचा त्यातला एक गँगमन विसरलेला पाना आणायला एकटाच वळणावर परत आला. नानांनी मालगाडीला सिग्नल दिला, गाडी आली, आणि मारुती गेला. नियम असा होता की सिग्नल द्यायच्या आधी मास्तरनं खोलीच्या खिडकीतून वळणापर्यंत एकदा नजर टाकायची. नानांचं म्हणणं, नजर टाकून उपयोग काय? पावसाळाभर कुणी गवत कापलेलं नव्हतं. वळणाच्या आतल्या बाजूला ते पुरुषभर वाढून वर आणखी दोन फूट गेलं होतं. त्याच्या पलीकडे माणूस काय, बैलगाडी उभी असती तरी दिसली नसती. पण अपघातानंतर दोनच दिवसांत कुणाच्या तरी हुकमानं तिथलं गवत साफ कापलं गेलं, आणि मग फोटो काढणारा आला. फोटोत खिडकीतून वळण असं स्वच्छ दिसत होतं की तिथे बसलेला बगळासुद्धा मोजता यावा. नानांना सस्पेंड केलं. दिवाळीनंतर चौकशी ठरली.

नाना मारुतीच्या दहाव्याला गेले होते. जाऊ नका, म्हणून आईनं परोपरीनं सांगितलं. "लोक काय बोलतील सांगता येत नाही." "म्हणूनच जातो," नाना म्हणाले. परत आले ते पायही न धुता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. आई भाकरी थापत होती. ते म्हणाले, "काही बोलले नाहीत गं कुणी. चहा दिला मला. फक्त ती त्याची बायको पुढे आली आणि म्हणाली, 'मास्तर, एवढा मोठा मानूस तुमास्नी दिसला न्हाई व्हय?'" आईची भाकरी तव्यावर करपली. आमच्याकडे भाकरी करपली की त्यावर निदान तीन वाक्यं बोलली जायची. त्या दिवशी आईनं ती उतरवली आणि पुढची थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी नानांनी अडगळीतून जुन्या दाराची एक फळी काढली आणि बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवी टाकली. "मी ते स्टेशन बनवणार," ते म्हणाले. "फोटोत नाही ते दाखवणार. जसं त्या दिवशी होतं, तसं."

माप ठरलं: दहा फुटांना एक इंच. नानांना त्या स्टेशनाचं सगळं पाठ होतं. तारेचे खांब किती अंतरावर, फलाट किती लांब, वळण कुठून सुरू होतं, सगळं. काड्यापेटीच्या काड्यांचे स्लीपर झाले, सायकलच्या दुकानातली बारीक तार रुळांना आली. मास्तरांची खोली पुठ्ठ्याची, तिला वळणाच्या बाजूला खिडकी, खोलीच्या मागच्या भिंतीला वाटाण्याएवढं भोक. त्या भोकाला डोळा लावला की खिडकीतून पलीकडे जे दिसेल तेच मास्तरला दिसतं, अशी ती योजना. आणि वळणाच्या पलीकडे, रुळांच्या मधोमध, मारुती. अर्ध्या इंचाहून जरासा उंच, काडीचा, डोक्याला लाल दोऱ्याचं मुंडासं. तो नानांनी रूळ आणि खोली झाल्यावरच केला, आणि करताना खोलीचं दार लावून घेतलं.

रूळ आठवड्यात झाले. खरं काम होतं जमिनीचं. मला वाटायचं, जमीन काय, हिरवा रंग मारला की झाली जमीन. मी सोसायटीच्या किल्ल्यांच्या स्पर्धेत लागोपाठ तीन वर्षं पहिली आलेली होते, त्यामुळे डोंगर, झाडी, माती या विषयांतलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. (ती समजूत पुढे इतर विषयांपर्यंत पसरली, असं माझ्या यजमानांचं मत आहे.) वखारीतून पोतंभर भुसा आणला, रांगोळीतला हिरवा रंग पाण्यात कालवून त्यात बुडवला आणि गच्चीवर वर्तमानपत्रांवर वाळत घातला. संध्याकाळी मोठ्या अभिमानानं नानांपुढे ताट धरलं. ते बघत राहिले आणि म्हणाले, "हे गवत नाही, शैला. हा पोपट आहे."

मग मी शिकले. हिरव्यात हळद घालायची, हळदीवर चहाचं काळं पाणी ओतायचं, तेव्हा कुठे आश्विनातला तो मरगळलेला रंग येतो. एक ताट हिरवट, एक पिवळट, एक जवळजवळ तपकिरी, आणि ही तीनही चिमटी-चिमटीनं मिसळून टाकायची; एकसारखी पसरली की सतरंजी दिसते. उघड्या मातीसाठी चहाचा चोथा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, हातावर चुरून घ्यायचा. रुळांखालच्या खडीसाठी मुरूम आईच्या पिठाच्या चाळणीतून चाळला, ते तिला पीठ चाळताना कळलं. साइडिंगच्या, म्हणजे डबे बाजूला उभे करायच्या रुळांच्या, काळ्या जमिनीला इस्त्रीवाल्याकडची कोळशाची भुकटी. चिकटवायला कणकेची खळ. तिला कीड लागू नये म्हणून नाना त्यात मोरचूद टाकायचे. "जेवणाच्या पातेल्यात विष कालवताय!" आई ओरडायची. "पातेलं वेगळं ठेवलंय." "पळी कुठली आहे?" नाना पळीकडे बघायचे आणि ती खळीतून बाहेर काढायचे. घरभर शिजलेल्या कणकेचा आंबूस वास असायचा, आणि त्या वासात ठरल्या वेळी नाना मनगटावरचं घड्याळ बघून म्हणायचे, "सव्वासातची गेली." आमच्या घरापासून रेल्वेलाइन मैलोन् मैल लांब. एकही शिटी ऐकू यायची नाही. पण नानांच्या डोक्यातून एकेक गाडी वेळेवर सुटत होती.

आता उंच गवत. तेच महत्त्वाचं, बाकीचं सगळं त्याच्याभोवतीची सजावट. भुशाचं उंच गवत होत नाही. सुतळी पिंजून पाहिली तर ती कुरळी होते. काथ्या राठ, तो काटेरी कुंपणासारखा दिसतो. अखेर केर काढता काढता आईच्याच लक्षात आलं. "अहो, ही बघा," ती म्हणाली, आणि झिजलेल्या केरसुणीचा बुडखा तिनं पुढे केला. झिजलेल्या केरसुणीची टोकं अशी बारीक आणि पिवळसर, थोडी एका बाजूला कललेली असतात, की दिवाळीच्या तोंडावरचं माळावरचं गवत दुसरं काही असूच शकत नाही. नानांनी एक जुडी कापली, पाऊण इंचाची. पाऊण इंच म्हणजे साडेसात फूट. ती खळीत बुडवून उभी केली आणि बाजूला होऊन बघितली. त्या महिन्याभरात मी त्यांना एकदाच हसताना पाहिलं, ते तेव्हा.

पण एका केरसुणीत एक वीतभर माळ होतो. मला घरोघर धाडण्यात आलं. "काकू, तुमची जुनी केरसुणी टाकणार आहात का?" बहुतेकींनी दिली. समोरच्या ब्लॉकमधल्या आपटेकाकांनी दारातच मला विचारलं, "वडिलांनी नवी नोकरी धरली वाटतं? झाडलोटीची?" मी केरसुणी घेतली आणि आले. पुण्यात माणूस अडचणीत असला की त्याला मदत मिळते, फक्त ती घेताना थोडं सोलून घ्यावं लागतं. घरी दिवसभर कात्रीची कचकच चालायची. आई डाळ निवडावी तशा काड्या निवडायची, नाना कापायचे, मी चिमट्यानं उभ्या करायचे. कुणी भेटायला आलं की नाना त्याला आधी फळीपाशी न्यायचे. "या, इथे डोळा लावा. दिसतोय का माणूस?" "नाही बुवा." "नीट बघा. रुळांवर उभा आहे." "नाही दिसत." मग नाना त्याला बाजूनं नेऊन मारुती दाखवायचे, आणि ते गृहस्थ च्‌ च्‌ करायचे. मी पाहिलं, आईनं पाहिलं, दूधवाल्यानं पाहिलं. नाना स्वतः लांब उभे राहायचे. "माझी कंबर धरलीय, वाकवत नाही," असं म्हणायचे.

टोळीचे मुकादम उस्मानचाचा दर रविवारी भवानी पेठेतून सायकलवर यायचे. मारुती त्यांच्या हाताखालचा. चौकशीत ते नानांच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार होते, आणि त्यांच्या बढतीच्या दृष्टीनं ते शहाणपणाचं नव्हतं. त्यांनीच फळीवर बोट ठेवून सांगितलं, "मास्तर, इथे गवत कमी पडलं. वळणाच्या आत, टेकाडाच्या पोटाशी. तिथे तर सगळ्यात दाट होतं." खरंच तिथे तळहाताएवढी जागा उघडी होती. आणि सोसायटीतल्या केरसुण्या संपल्या होत्या.

तो वसुबारसेचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी फळी कचेरीत जमा करायची होती. दिवाळीच्या सुट्ट्या सुरू व्हायच्या आत नोंद झाली तरच ती चौकशीत धरणार, असं पत्र आलं होतं. घरात एकच केरसुणी शिल्लक होती: लक्ष्मीपूजनासाठी आईनं मंडईतून आणलेली, कोरी, हळदकुंकवाची वाट पाहत कोपऱ्यात उभी. नानांनी तिच्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "नाही हं. या घरात त्या दिवशी लक्ष्मी नाही तर नाही, निदान तिची केरसुणी असू दे." नाना म्हणाले, "बरोबर आहे. राहू दे तेवढं उघडं. चार काड्या इकडच्या तिकडे करू उद्या."

आणि इथे मी, तीन वर्षं पहिली आलेली किल्लेदारीण, पुढे सरसावले.

किल्ला करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, उघड्या डोंगरावर हिरवळ कशी आणायची. तो सांगेल, अळीव. अळीव पाण्यात भिजवले की बुळबुळीत होतात आणि कुठेही चिकटतात, उतारावरसुद्धा. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर माती लिंपायची, तिच्यावर अळीव थापायचे, आणि चौथ्या दिवशी जी कोवळी हिरवळ येते तिच्यापुढे परीक्षक विरघळतात. माझं गणित साधं होतं. चौकशी भाऊबीज झाल्यावर. तोवर अळीव उगवून पाऊण इंच होतील. खरं, जिवंत गवत! साहेब बघतच राहतील. आई मागच्या दारी होती आणि नाना शेजाऱ्यांकडे दोर मागायला गेले होते, तेवढ्यात मी माझ्या जुन्या किल्ल्याचं गोणपाट कापून त्या उघड्या जागेत बसवलं, भिजलेले अळीव मातीत थापले, वरून भुसा भुरभुरला. सकाळी सांगेन, असं ठरवलं. आश्चर्याचा धक्का देणं हा मला त्या काळी फार मोठा गुण वाटत असे.

सकाळी उठून बघते तर ती जागा भरलेली. उंच, पिवळं, सुरेख, पाऊण इंच गवत. कोपऱ्यात केरसुणी नव्हती. आई चुलीपाशी बसलेली, डोळे लाल, कपाळावर ताजं कुंकू. आणि कट्ट्यावर केरसुणीचा उरलेला बुडखा, त्यालाही कुंकू लावलेलं. पहाटे उठून, केरसुणीच्या पाया पडून, तिनं ती कापली होती. "ओलसरच होती माती तिथे, बरं झालं, काड्या छान रोवल्या गेल्या," ती म्हणाली. दारात उस्मानचाचांनी आणलेली हातगाडी लागली होती. नाना फळीवर प्लॅस्टिकचं कापड गुंडाळून दोरानं आवळत होते, धूळ बसू नये म्हणून.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, "आई, त्याच्याखाली अळीव आहेत." या वाक्यात काही अवघड शब्द नाही. मी पुढच्या आयुष्यात भाषणं केली, भांडणं केली, बँकेच्या मॅनेजरला दोनदा रडकुंडीला आणलं. पण ते वाक्य काही त्या सकाळी माझ्या तोंडून निघालं नाही. आईनं लक्ष्मीची केरसुणी कापली होती. तिला काय सांगू, की उचकट ते? आणि मनाला समजावलं, की काड्यांच्या दाटीत बी कुठलं उगवतंय. हातगाडी कोपऱ्यावर वळली. उस्मानचाचा एका हातानं फळी धरून चालले होते, आजारी माणसाला धरावं तसे.

ती दिवाळी आमच्याकडे आली आणि गेली. शेजारून चकलीच्या तेलाचा वास यायचा, तेव्हा आई आमची खिडकी लावून घ्यायची. तिनं थोडी शेव केली, बस. लक्ष्मीपूजनाला पाटावर केरसुणीचा बुडखा ठेवला. मी किल्ला केला नाही; परीक्षक दारावर येऊन, "यंदा गडावर शुकशुकाट?" असं म्हणून गेले. मी रोज रात्री झोपताना एकच हिशेब करायचे: आज दुसरा दिवस, आज तिसरा. बंद खोलीत ऊन नाही, पाणी नाही. उगवणार नाहीत. उगवले तरी मरतील.

प्लॅस्टिकखाली ओल टिकते, हे मला माहीत नव्हतं. आणि अंधारात रोप मरत नाही, ते उजेड शोधत लांबतं, हे तर शाळेच्या पुस्तकात होतं. चित्रासकट.

चौकशीच्या संध्याकाळी नाना घरी आले आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पडले. काय झालं ते उस्मानचाचांनी अंगणात उभ्या उभ्या आईला सांगितलं. मी दाराआड होते.

"भाभी, काय सांगू. साहेब चांगला दिसत होता, शांतपणे ऐकत होता. मास्तरांनी सगळं सांगितलं, माप सांगितलं, दहा फुटाला एक इंच. साहेब म्हणाला, उघडा. दोर सोडला, कापड काढलं." चाचांनी टोपी काढून हातात घेतली. "वळणावर सगळं वर आलं होतं, भाभी. काय होतं कुणास ठाऊक. पांढरं, पिवळं, केसासारखं बारीक, दोन-दोन इंच. वर इवलाली पानं. त्यानं आपलं गवत सगळं उखडून पाडलेलं. रुळांवर आडवं. खांबसुद्धा कलला होता. वासही येत होता."

"अगं बाई," आई म्हणाली.

"साहेबानं पट्टी मागितली. लावली. म्हणाला, 'मास्तर, तुमच्याच मापानं हे वीस फूट झालं. तुमच्या स्टेशनात हत्ती चरायला येतात का?' सगळे हसले. कारकून हसले, शिपाई हसला. मी म्हटलं, साहेब, हे नंतर उगवलंय, मी शपथ घेतो, जाताना नव्हतं. तो म्हणतो, 'मुकादम, तुम्ही शपथ रुळांची घ्या, बागकामाची नको.' मग मास्तरांना म्हणाला, 'पोरांचा दिवाळीचा किल्ला आहे हा. चौकशीत किल्ले आणायचे नसतात.'"

"मग हे काय म्हणाले?"

"मास्तर एवढंच म्हणाले, 'माझ्याच हातून राहिलं, साहेब. घरात दिवाळी होती.'" चाचांनी टोपी परत घातली. "त्या भोकाला कुणी डोळासुद्धा लावला नाही, भाभी."

आईनं चाचांना चहा दिला. मी आत पळाले आणि माझ्या किल्ल्यांचे तीनही बक्षिसाचे पेले पलंगाखाली सरकवले. बालबुद्धीचा प्रायश्चित्तविधी. त्यांच्यावर अजून कोळिष्टकं असतील.

निकाल महिन्याभरात आला. नोकरी गेली नाही, पण मास्तरकी गेली. नानांना माल ठेवायच्या गोदामात पाठवलं. तिथे पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि त्याही खळीनंच. खिडकी नसलेल्या त्या जागेत ते रिटायर होईपर्यंत बसले. उस्मानचाचांची बढती राहिली ती राहिलीच. फळी परत आली तेव्हा नानांनी ती अंगणात धुतली. भुसा, चोथा, काड्या सगळं मोरीत वाहून गेलं. काडीचा मारुती सापडला नाही. मी सगळी माती बोटांनी चाळून पाहिली. घरात त्यानंतर कुणी 'सव्वासातची गेली' म्हणालं नाही, आणि कधी अळीव आले नाहीत. का येत नाहीत, हे फक्त मला माहीत आहे, अशी माझी बारा वर्षं समजूत होती.

बारा वर्षांनी मी बाळंतपणासाठी माहेरी आले. मुलगी झाली. बाळंतिणीला काय देतात ते मराठी माणसाला सांगायला नको. एका दुपारी आई बाळाला झोपवत होती आणि नाना ताटली घेऊन माझ्या खाटेपाशी आले. ताटलीत अळिवाचे दोन लाडू होते. खोबरं त्यांनीच खवलं असावं, कारण त्यात करवंटीचे तुकडे दिसत होते. मी तोंड फिरवलं. "नको. मला आवडत नाहीत."

"खा," ते म्हणाले. "अळिवाचा काय दोष?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते ताटलीकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. कापड काढल्यावर. गोणपाटाला तुझ्या किल्ल्याचा गेरू होता गं. बुरुजाला लावायचीस तो."

"नाना, मी तेव्हा सांगितलं असतं तर..."

"ऐक." ते खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "एकदाच सांगतो, परत विचारू नकोस, आणि आईला बोलू नकोस. गवत पाऊण इंचच होतं. त्यात तसूभर खोटं नव्हतं. पण त्या दिवशी मी खिडकीपाशी गेलोच नव्हतो. दीड महिना रोज जाऊन बघत होतो, रोज नुसतं गवत. मग कंटाळा आला. दिसत नाही तर उठायचं कशाला? बघायची सवयच गेली. खुर्चीत बसूनच सिग्नल दिला."

बाळ कुरकुरलं, आईनं अंगाई परत पहिल्यापासून धरली.

"बघितलं असतं तरी दिसला नसता," मी म्हटलं. "सगळ्यांनी बघितलं ना. कुणालाच दिसला नाही."

"असेल. वारा असता तर गवत हललं असतं, लाल मुंडासं होतं त्याचं, एखाद्या वेळी दिसलाही असता. मला माहीत नाही. बघितलं असतं तर माहीत असतं." ते उठले. "मारुतीच्या बायकोला दहाव्याला मी एवढंच सांगितलं, गवत होतं, बाई. ती बरं म्हणाली."

मी लाडू खाल्ला. करवंटीचा एक तुकडा दाताखाली आला, तो गिळला.

नानांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बाळंतिणीच्या मनावरचं ओझं उतरवण्यासाठी बापानं रचलेली ती थाप होती, असं मला अधूनमधून वाटतं; माझ्या यजमानांचंही तेच मत आहे, आणि ते क्वचितच माझ्याशी सहमत होतात. ते बोलणं थाप मानणंच आम्हाला सोयीचं आहे. पण मग मला ती फळी आठवते. त्या महिन्याभरात नाना सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिच्यावर वाकलेले असायचे, नाक गवताला टेकेल इतके, एकेक काडी उभी करत. कंबर एकदाही दुखली नाही. घरात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी त्या भोकाला डोळा लावायला लावला, दूधवाल्याला दोनदा. स्वतः मात्र ते तिथे एकदाही वाकले नाहीत.